यूपीएक्सने जागा वाचते पण रॅम जाते, त्यावर उपाय

छोट्या लिनक्स बोर्डावर जागा पुरत नाही म्हणून बायनरी (चालवायची प्रोग्राम-फाइल) यूपीएक्सने, म्हणजे अशा फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलने, दाबली, तर तिच्या 10 प्रती चालू असताना रॅम भसाभस संपते, कारण प्रत्येक प्रोसेस स्वतःपुरती वेगळी उलगडते आणि कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, प्रोसेसमध्ये शेअर करता येत नाहीत.

त्यापेक्षा फाइलसिस्टिमच कॉम्प्रेस करा:

1. 'यूपीएक्स -डी' देऊन बायनरी मूळ रूपात आणा.
2. ती स्क्वॉशएफएस (दाबलेली फाइलसिस्टिम) इमेजमध्ये टाकून माउंट करा, किंवा डिस्कवर बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर झेडएसटीडी पद्धतीचं कॉम्प्रेशन लावून (कर्नल 4.14 पासून चालतं) फाइल 'सीपी --रीफ्लिंक=नेव्हर' देऊन पुन्हा कॉपी करा, जुन्या फाइली आपोआप दाबल्या जात नाहीत हं.

आता लागतील तीच पानं उलगडतात आणि सगळ्या प्रोसेस तीच वापरतात.

फक्त स्क्वॉशएफएस रीड-ओन्ली असतं, त्यामुळे कॉन्फिग फाइली बाहेरच ठेवा.