हाताला कोमट लागलं, तर पाणी जास्त तापलंय: खाऱ्या पाण्याच्या छोट्या टँकसाठी

डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात घोडबंदर रोडला येऊरच्या पायथ्याशी किंवा नवी मुंबईत खारघरला डोंगराच्या बाजूला, टँकचं थोडं पाणी बदलायला म्हणून बाल्कनीत रात्रभर ठेवलेली नव्या पाण्याची बादली सकाळी चांगलीच गार झालेली असते. पाणी २०-२१ अंशांवर उतरतं, आणि घरात टँकचा हीटर २६ अंश धरून बसलेला असतो. १० लिटरची ती बादली ४०० लिटरच्या टँकमध्ये रिकामी केली तर फरक जेमतेम जाणवेल. तीच ४० लिटरच्या टँकमध्ये गेली म्हणजे एक चतुर्थांश पाणी बदललं.

हिशोब सोपा आहे. २६ अंशांच्या ३६ लिटरमध्ये २० अंशांचं ४ लिटर मिसळलं तर टँक २५.४ वर येतो, एवढं चालून जातं. ३० लिटरमध्ये १० लिटर मिसळलं तर तो थेट २४.५ वर येतो. शिवाय पाणी मिसळायला वेळ लागतो. गार पाणी जड असतं, ते सरळ तळाशी बसतं आणि वाटेत जो कोरल असेल त्याला पूर्ण सहा अंशांचा झटका देतं. झोआ या फुलांसारख्या छोट्या कोरलची तोंडं पटापट मिटली, मासे कोपऱ्यात जाऊन जोरजोरात कल्ले हलवायला लागले, तर पाणी ओतणं तिथेच थांबवा आणि आधी तापमान बघा.

नियम एकच: बादली आणि टँक यांच्यात १ अंशापेक्षा जास्त फरक नको. २६ हा आकडा पाठ करून उपयोग नाही, त्या क्षणी टँकमध्ये जे तापमान असेल त्याच्याशी बादली जुळवायची. आणि हाताने अंदाज घ्यायचा नाही. २६ अंशांचं पाणी बोटांना गारच लागतं. बाळाच्या अंघोळीसारखं कोमट वाटलं म्हणजे ते ३७ च्या आसपास गेलेलं असतं, आणि ते कोरलला मारक आहे. काचेवर चिकटवायच्या तापमानाच्या पट्टीवरही विसंबू नका. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि टँक व बादली दोन्हीकडे तोच एक वापरा. तो अर्धा अंश चुकीचा असला तरी दोन्हीकडे सारखाच चुकेल, आणि आपल्याला हवा असतो तो फरक.

आता काय वापरायचं नाही ते, कारण नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. गिझरचं पाणी नको. आतली टाकी, कॉइल, जोडण्या यांत कुठे ना कुठे तांबं-पितळ असतं, गॅस गिझरमध्ये तर पाणी तांब्याच्या नळीतूनच तापत जातं. तांब्याचा अंशही शंख, कोळंबी, खेकडे आणि कोरल यांना सोसत नाही. माशांच्या परजीवींवर तांब्याचं औषध देतात तेव्हासुद्धा ते वेगळ्या टँकमध्ये देतात, ते याचसाठी. बादलीत सोडायची रॉड तर अजिबात नको. तिच्या नळीवरचा मुलामा खाऱ्या पाण्यात झिजतो आणि खालचा धातू उघडा पडतो. १००० ते १५०० वॅटची ती रॉड ८ लिटर पाणी काही मिनिटांतच हवं त्यापेक्षा जास्त तापवते, आणि मीठ-पाण्यात शॉक बसण्याचा धोका आहेच. किटलीतलं उकळतं आरओ पाणी वरून ओतावं, असंही काही जणांना वाटतं. ८ लिटर तयार खाऱ्या पाण्यात १ लिटर गोडं पाणी गेलं की ३५ ची सॅलिनिटी (हजार भाग पाण्यात क्षार किती ते) ३१ वर येते. एक गोष्ट सुधारायला जाऊन दुसरी बिघडते.

राहतो तो छोटा ॲक्वेरियम हीटर. ८-१० लिटरला ५० किंवा १०० वॅटचा पुरतो. याहून मोठा मुद्दाम टाळा. १०० वॅटचा हीटर ८ लिटर पाणी मिनिटाला साधारण ०.१८ अंश तापवतो, म्हणजे २१ वरून २६ वर यायला अर्धा तास, ५० वॅटला तासभर. त्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आलं की हीटर बंद करणारा भाग, चिकटला तरी तुमच्या हातात थोडा वेळ असतो. ३०० वॅटचा चिकटला तर अर्ध्या तासात बादली १६ अंशांनी वर जाते.

बादली २० लिटरची, फूड-ग्रेड, झाकणाची आणि फक्त याच कामाची असावी. साबण, फिनाइल, पोछा यांच्याशी तिचा कधीच संबंध नको. हीटर प्लॅस्टिकला टेकला तर बादलीला भोक पडतं. म्हणून त्याला जाळीचं कव्हर लावा किंवा भोकं पाडलेल्या रुंद पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात ठेवा. सोबत एक छोटा पावरहेड, म्हणजे पाणी फिरवणारा बुडता पंप, लागतोच. तो नसेल तर वरचं पाणी गरम आणि तळ गार राहतो, थर्मामीटर वर २६ दाखवतो आणि ओतताना खालचं २२ चं पाणी बाहेर पडतं.

क्रम असा ठेवा. आधी आरओ-डीआय, म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं पाणी बादलीत घ्या, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ० आलेलं. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी चालत नाही, त्यात चवीसाठी क्षार ठेवलेले असतात. वाशी-ऐरोलीची खाडी घराजवळ असली तरी तिथलं गढूळ, सांडपाणी मिसळलेलं पाणी टँकच्या आसपासही आणू नका. पावरहेड सुरू करून मग ॲक्वेरियमचं समुद्री मीठ थोडं थोडं टाका. ८ लिटरला साधारण ३०० ग्रॅम लागतं, नेमका आकडा मिठाच्या डब्यावर बघा. कधीही मिठावर पाणी ओतू नका. तसं केलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून तळाशी बसतात आणि पाणी दुधासारखं होतं. सुरुवातीला पाण्यात तेलासारख्या लाटा दिसतात, त्या जाऊन तळ स्वच्छ दिसेपर्यंत हीटर लावायचा नाही. न विरघळलेल्या मिठाचा ढीग हीटरला टेकला तर तिथेच पांढरा थर धरतो.

पाणी स्वच्छ झालं की हीटर खुणेपर्यंत बुडवा, १५ मिनिटं तसाच राहू द्या आणि मगच बटण दाबा. काढतानाही आधी बंद करा, १५ मिनिटं थांबा, मग बाहेर घ्या. गरम काच हवेत आली किंवा गार पाण्यात गेली की तडकते, आणि तडकलेला हीटर म्हणजे पाण्यात उघडी वीज. बरेच स्वस्त हीटर दोन पिनांचे येतात, त्यांना अर्थिंग नसतं. म्हणून ते ज्या सॉकेटवर लावाल त्याच्यामागे ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असायलाच हवा. मीटर बॉक्समध्ये आहे का ते बघा, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. यात काटकसर करू नका. वायर सॉकेटपेक्षा खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता खालीच गळेल. बादलीत हात घालायच्या आधी प्लग काढायचा, बटणावर भागत नाही.

तापमान जुळल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने सॅलिनिटी बघा: ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. हलता काटा असलेला हायड्रोमीटर वापरत असाल तर तो तापमानाप्रमाणे फसवतो, म्हणून मोजमाप तापवल्यावरच करायचं. विसरून बादली ३५-४० वर गेली आणि पाणी पांढरट दिसायला लागलं, तर ते गार करून वापरू नका. त्यातले क्षार खाली बसलेत, ते परत विरघळत नाहीत. फेकून द्या, ३०० ग्रॅम मीठ टँकपेक्षा स्वस्त आहे.

जुनं पाणी काढायच्या १५ मिनिटं आधी टँकमधला हीटरही बंद करा. घाईत नेमकं हेच राहून जातं. पाण्याची पातळी उतरली की तो उघडा पडतो आणि नवीन पाणी पडताच फुटतो. नवीन पाणी बादलीतून थेट न ओतता एअरलाइनच्या, म्हणजे हवेच्या पंपाला लावतात त्या बारीक नळीने सोडा. बादली स्टुलावर, नळीचं टोक पावरहेडच्या प्रवाहासमोर, आणि ४ लिटरला १० ते १५ मिनिटं. पातळी भरली की हीटर सुरू करा आणि अर्ध्या तासाने तापमान पुन्हा बघा.

नेमकी त्या दिवशी वीज गेली तर २ लिटरची स्वच्छ बाटली ५० अंशांच्या पाण्याने भरा, झाकण घट्ट लावा आणि बादलीत तरंगत ठेवा. इथे गिझरचं पाणी चालतं, कारण ते बाटलीबाहेर येत नाही. २१ अंशांची ८ लिटरची बादली एका बाटलीत साधारण २६ वर येते. मात्र अधूनमधून स्वच्छ प्लॅस्टिकच्या पट्टीने ढवळत राहा. याहून खूप गरम पाणी भरलं तर बाटली वेडीवाकडी होते आणि झाकणातून गळते.

एप्रिल-मेमध्ये सगळं उलट होतं. बाल्कनीतली बादली ३३-३४ वर असते, तेव्हा बर्फ केलेली बंद बाटली तशीच तरंगत ठेवायची. बर्फाचे खडे पाण्यात टाकायचे नाहीत, त्याने सॅलिनिटी उतरते.

बादलीच्या हीटरवर काही महिन्यांनी पांढरा खरखरीत थर दिसतो. तो असला की हीटरची काच आत जास्त तापते आणि थर्मोस्टॅट चुकतो. हीटर गार झाल्यावर काचेचा भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा, मऊ कापडाने पुसा, साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि पुढच्या वेळेपर्यंत कोरडा करून ठेवा.