साथीच्या गावाहून माणूस घरी येतंय? एक खोली अन् एक वही तयार ठेवा

मी आरोग्य खात्यात होतो, आधी इगतपुरी तालुक्यात, मग नाशिक शहरात. रिटायर झालो तरी फोन सुटले नाहीत. परवा सिडकोतले एक ओळखीचे म्हणाले, काका, मुलगा येतोय बाहेरून, तिकडं कसलीतरी साथ आहे म्हणे, आम्ही काय करायचं? पाऊण तास बोललो. म्हणून आता एकदाच टाइप करून ठेवतोय, पुढच्याला हेच पाठवीन.

पहिलं काम माणूस निघायच्या आधीच करायचं. फोनवर तीन गोष्टी विचारा: कुठल्या शहरात होतास, तिथं कुणा आजारी माणसाजवळ किंवा दवाखान्यात गेलेलास का, आणि गेला असशील तर शेवटचं कधी. आखातातून येत असेल तर उंटाचंही विचारा, हसू नका, मर्स नावाच्या श्वासाच्या आजाराचा विषाणू उंटाकडून येतो. ताप असेल तर तिकीट पुढं ढकलायला सांगा. आणि एक चाळा मी डोळ्यांनी पाहिलाय, विमानतळावर ताप मोजतात म्हणून लोक आधी पॅरासिटामॉल घेऊन उतरतात! तापाचा आकडा खाली येतो, विषाणू कुठं जातो? तो तुमच्याबरोबर घरी येतो. उतरल्यावर अंगात कसकस वाटली तर तिथल्याच आरोग्य कक्षात सांगायचं, तिथं सांगणं नाशिकला येऊन सांगण्यापेक्षा कधीही सोपं. बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा. सीट नंबर लागतो हो. कोविडच्या वेळी आपल्याकडचा नियम होता की पेशंटची रांग, पुढच्या ३ रांगा आणि मागच्या ३ रांगा, एवढे सगळे जवळचे संपर्क धरायचे. पास फाडून टाकला की ती सगळी मंडळी शोधायला पाच माणसं दोन दिवस लागतात.

मुंबईहून नाशिकला आणताना शेअर टॅक्सी नको, गाडी स्वतंत्र करा. साथ श्वासातून पसरणारी असेल तर येणारा मागच्या सीटवर ड्रायव्हरच्या तिरक्या बाजूला, दोघांना मास्क, काचा खाली. उकडतं म्हणून एसी लावलाच तर आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा, नाहीतर चार तास दोघं एकमेकांचाच श्वास घेत येतात. कसारा घाटात वडापाव खायला गर्दीत उतरू नका, घरून डबा न्या.

आता मुख्य गोष्ट, दिवस मोजायचे. इथं नव्वद टक्के लोक चुकतात, म्हणजे ही टक्केवारी माझ्या अंदाजाची, पण फिरलोय मी तेवढा. दिवस विमान उतरल्यापासून मोजायचे नाहीत. आजारी माणसाशी शेवटचा संबंध ज्या दिवशी आला तो शून्य दिवस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक. तिथं कुणाशी संबंध आला ते माहीतच नसेल तर ते गाव सोडल्याचा दिवस शून्य. आणि घरात आल्यावर त्यालाच ताप आला तर घरच्यांचं घड्याळ नव्यानं सुरू होतं, हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही.

किती दिवस मोजायचे ते आजारावर. कोविड आणि मर्सला लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागतात. निपाहला (वटवाघळाकडून येणारा, मेंदूवर जाणारा ताप) बहुतेक वेळा ४ ते १४, पण केरळात जवळच्या संपर्कातल्यांना २१ दिवस लक्ष ठेवून घरात बसवतात, आणि साथ संपली असं म्हणायला त्याची दुप्पट म्हणजे ४२ दिवस थांबतात. एमपॉक्सलाही (आधी मंकीपॉक्स म्हणायचे तो) २१ दिवस. गोवराचं पुरळ साधारण १४ व्या दिवसाच्या आसपास उठतं, पण पुरळ उठायच्या ४ दिवस आधीपासूनच तो माणूस इतरांना देत असतो, म्हणजे नुसता साधा सर्दी-ताप वाटतो तेव्हाच. डेंगू वेगळा, ४ ते १० दिवस, आणि तो माणसाकडून माणसाला थेट होत नाही, डास मध्ये लागतो. म्हणून डेंगूच्या गावाहून आलेल्याला खोलीत कोंडून काही उपयोग नाही, ताप आला की त्याला आठवडाभर दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, कारण हा डास दिवसा चावतो, त्याला चावला तर तोच पुढं घरभर आणि शेजारी नेतो. आणि कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गॅलरीतल्या कुंड्यांच्या बश्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा. झिका पण याच डासाचा, २०२१ ला पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या बेलसरला सापडलेला, झिकाच्या गावाहून आलेल्या पुरुषानं ३ महिने कंडोम वापरायचा, आणि बायको गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत, हे सांगायला लाजू नका.

खोलीचं बघू. श्वासातून पसरणाऱ्या साथीत सगळ्यात मोठं औषध खिडकी. दोन खिडक्या समोरासमोर असतील तर नशीब. एकच असेल तर टेबलफॅन खिडकीकडं तोंड करून ठेवा, आतली हवा बाहेर ढकलायला, पेशंटकडून दाराकडं नाही. दाराखाली जुना टॉवेल. सिडकोतल्या वन बीएचकेत एकच संडास-बाथरूम असतं मग काय करायचं, तर आलेल्या माणसानं सगळ्यात शेवटी जायचं, मास्क लावून, बाहेर आल्यावर खिडकी उघडी ठेवून अर्धा तास कुणी जायचं नाही, मग नळ, कडी, फ्लशचं बटण पुसून घ्यायचं. पुसायला ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात, साधारण १ टक्का होतं. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून मग बाकीचं पाणी, हातमोजे घालून. रोज नवीन करा, कालचं पाणी निकामी होतं. आणि हे ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरमध्ये कधीच मिसळायचं नाही, क्लोरीन वायू निघतो, संडासातच माणूस गुदमरेल. एमपॉक्सचा संशय असेल तर चादरी झटकू नका, तशाच गुंडाळून गरम पाण्यात साबणात टाका.

माझी आजी प्लेगाचं सांगायची, उंदीर मेला दिसला की गाव सोडून मळ्यात झोपडी टाकायची. शिकलेली नव्हती ती पण लांब जाऊन राहायचं शास्त्र बरोबर होतं. मळा असेल तर आजही पोरगा मळ्यातल्या खोलीवर बिनधास्त ठेवा, फक्त फोनला रेंज आहे का ते बघा.

वही. शंभर पानी, पोरांची उरलेली असते ती. डाव्या पानावर तारीख, दिवस कितवा, सकाळी ८ चा ताप, संध्याकाळी ८ चा ताप, ऑक्सिजन, खोकला-जुलाब-पुरळ आहे की नाही. ताप मोजायच्या आधी गोळी घ्यायची नाही, घेतलीच तर किती वाजता ते लिहा. उजव्या पानावर कोण भेटलं: नाव, किती वेळ, घरात की बाहेर, मास्क होता का. फार झालं तर रोज पाच ओळी. दूधवाला पिशवी अडकवून गेला, तो नाही लिहायचा. मावशी भांडी घासायला येऊन अर्धा तास गप्पा मारून गेल्या, त्या लिहायच्या. (खरं तर मावशींना तेवढे दिवस भरपगारी सुट्टी द्या, नाहीतर त्या दुसऱ्या चार घरी जाणारच, त्यांचं पोट आहे.)

वही का म्हणतोय ते सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये एका घरी गेलो, यादीत नाव होतं, बाहेरून आलेला मुलगा. आई दारात, "तो आलाच नाही अजून." तिच्या मागं सोफ्याजवळ बॅग उभी होती, हँडलला एअरलाइनचा पांढरा टॅग तसाच लोंबत होता. मी टॅगकडं बघतोय ते तिनं बघितलं आणि रडायलाच लागली. भीती आजाराची नव्हतीच, भीती शिक्क्याची. त्याच महिन्यात राज्यानं होम क्वारंटाइनवाल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारायला सुरुवात केलेली, आणि शिक्का असलेल्या चौघांना पालघरला रेल्वेतून उतरवल्याची बातमी घराघरात पोचली होती. शिक्का बघून पब्लिक सावध झालं हे खरं, पण लोक लपायला पण तेव्हाच शिकले. त्या माउलीला मी म्हटलं, ताई बसा, पाणी द्या, कोण कोण भेटायला आलं होतं तेवढं सांगा. आठवून आठवून अकरा नावं झाली, आणि दोन दिवसांनी बारावं आठवलं, तोवर तो बारावा लग्नाला जाऊन आलेला! वही असती तर पहिल्या पाच मिनिटांत निघालं असतं.

ताप आलाच तर थेट ओपीडीत जाऊन बाकड्यावर बसू नका, आधी फोन. सल्ल्याला १०४, ॲम्ब्युलन्सला १०८, आणि १०८ ला पहिल्याच वाक्यात सांगा, "पेशंट अमुक देशातून अमुक तारखेला आलाय", म्हणजे ते लोक किट घालून येतात. शहरात असाल तर मनपाचा आरोग्य विभाग, झाकिर हुसेन किंवा नाशिकरोडचं बिटको ही मनपाची हॉस्पिटलं, त्र्यंबक रोडचं सिव्हिल ते सरकारी. देवळाली कॅम्पला कॅन्टोन्मेंट बोर्ड, मालेगावला त्यांची वेगळी महापालिका, आणि निफाड-दिंडोरीकडं असाल तर आधी आपलं पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. चुकीच्या ठिकाणी फोन लागला तरी फोन ठेवू नका, पुढं कळवायचं काम त्यांचं आहे. निपाहसारखा काही संशय असेल तर नमुना पुण्याच्या एनआयव्हीला (विषाणू तपासणारी सरकारी संस्था) जातो, रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर निगेटिव्हच समजून फिरू नका. कोविडसारख्यात संपर्क आला त्याच दिवशी केलेली टेस्ट जवळजवळ फुकटच, पाचव्या दिवसाच्या आसपास करा किंवा लक्षण दिसल्याबरोबर.

या गोष्टी दिसल्या तर वहीबिही राहू दे, लगेच १०८: ऑक्सिजन ९४ च्या खाली, बोलताना धाप, गुंगी किंवा असंबद्ध बडबड (निपाहमध्ये मेंदूवर जातं), कुठूनही रक्त. डेंगूत तर ताप उतरला की लोक खूश होतात, आणि नेमकं तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणं सुरू होतं, ते घातक. नक्की कसला ताप आहे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन-ॲस्पिरिन नको. आणि स्टेरॉइडची मिक्स गोळी देणारा मेडिकलवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडं जाऊच नका.

आरोग्याची माणसं घरी आली की वही पुढं करा. कोविडसारख्यात लक्षण सुरू झालं त्याच्या २ दिवस आधीपासूनची नावं ते मागतील. एखाद्या ठिकाणी जाऊन आलात ते सांगायला लाज वाटत असेल तर त्यांना बाजूला घेऊन सांगा. त्यांना त्या ठिकाणाशी मतलब नाही, तिथं कोण खोकलं याच्याशी आहे.

सोसायटीच्या ग्रूपवर नाव आणि फ्लॅट नंबर टाकू नका. सेक्रेटरीला आणि वॉचमनला एवढंच सांगा की अमुक तारखेपर्यंत आमच्याकडं पाहुणे नकोत, पार्सल खालीच ठेवा. भेटायला येणारे ऐकणार नाहीत, पेढे घेऊन येतीलच, त्यांना गॅलरीतूनच हात करायला लावा आणि पेढे पिशवीत वर ओढून घ्या. सत्यनारायण दिवस संपल्यावरच ठेवा, २१ मोजायचे असतील तर २२ व्या दिवशी. भटजींना आत्ताच फोन करून तारीख धरून टाका, नाहीतर श्रावणात मिळत नाहीत.