नागपूरच्या उन्हात टिकतील आणि खपतीलही असे मासे

शोभेच्या माशांच्या लहान दुकानात महाग मासा ठेवल्याने नफा होत नाही, टिकणारा ठेवल्याने होतो. म्हणून सुरुवात गप्पी, मॉली, प्लॅटीने करा. बोअरचं जड पाणी मॉलीला उलट मानवतं. शिवाय हे तिन्ही थेट पिल्लं देतात. गप्पीची मादी साधारण महिन्याला विते, म्हणजे माल दुकानातच तयार होतो. पिल्लं मात्र लगेच वेगळी काढा, नाहीतर आईच खाऊन टाकते.

जोडीला फायटर घ्या. तो वर येऊन हवा पितो, त्यामुळे लाईट जाऊन हवेचा पंप बंद पडला तरी तग धरतो. नर एकेकटेच ठेवा.

गोल्डफिशला मागणी भरपूर, पण तो थंड पाण्याचा मासा. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो आणि सकाळी टाकीत मेलेले मासे तरंगताना दिसतात. फार जीव तुटतो हो! एप्रिल ते जून मागवूच नका.

नवा माल आला की पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग मासे जाळीने काढा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, त्यातून रोग येऊ शकतो. शेपटी मिटून कोपऱ्यात पडलेला मासा दिसला, तर ती पिशवी घेऊच नका.