जुन्या थिन क्लायंटवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

ऑफिसांतून निवृत्त झालेले थिन क्लायंट (सर्व्हरच्या भरवशावर चालणारे छोटे संगणक) फार गुणी यंत्रं असतात. बहुतेकांना पंखा नसतो, त्यामुळे आवाज नाही, आणि काम नसताना वीज साधारण 5 ते 10 वॅट. छोटा फाइल सर्व्हर, प्रिंट सर्व्हर किंवा जाहिराती रोखणारं पाय-होल चालवायला याहून सोयीचं काही क्वचितच सापडेल. तरीही यातले कितीतरी डबे थोड्याच दिवसांत पुन्हा कपाटात जातात आणि बोल लावला जातो लिनक्सला. चूक बहुधा त्याआधीच झालेली असते. आधी डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) ठरते, मशीन नंतर उघडून पाहिलं जातं.

"हलकी डिस्ट्रो आहे, कुठेही चालेल" हा त्यातला मोठा गैरसमज. हलकेपणा रॅम आणि डिस्कपुरता असतो. प्रोसेसरला एखादी सूचनाच कळत नसेल तर रॅम वाढवून उपयोग नाही. जुन्या थिन क्लायंटमध्ये सापडणारा एएमडी जिओड एलएक्स हा प्रोसेसरच बघा. डेबियन या डिस्ट्रोच्या 12 व्या आवृत्तीच्या 32-बिट रूपाला लागणारी एक सूचना त्याच्याकडे नाही, म्हणून तिथे डेबियन 12 चालत नाही. डेबियन 13 मध्ये तर 32-बिट इन्स्टॉलर आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) दोन्ही बंद झाले. अशा मशीनवर टायनी कोअर या छोट्या डिस्ट्रोची 32-बिट आवृत्ती वापरून बघा, ती 486 च्या जमान्यातल्या प्रोसेसरसाठीही बांधलेली असते. एचपी टी620 किंवा डेल वायस 3040 सारखं 64-बिट मशीन हाती असेल तर सरळ डेबियन घ्या, डेस्कटॉपशिवाय.

आता स्टोरेज, कारण सगळ्यात जास्त मशीन इथेच अडकतात. वायस 3040 मध्ये 8 किंवा 16 जीबी ईएमएमसी (फ्लॅश स्टोरेज) असते, तीही बोर्डावर सोल्डर केलेली. ती झिजली तर बदलता येत नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरचं तयार विभाजन निवडलं की त्यातलाच एक तुकडा स्वॅपला (रॅमऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेला) जातो, आणि रॅम कमी पडली की फ्लॅशवर सतत लिखाण सुरू होतं. विभाजन हाताने करा, स्वॅप ठेवूच नका आणि त्याऐवजी झेडरॅम लावा. ते रॅममध्येच डेटा दाबून ठेवतं, फ्लॅशला हात लावत नाही. डिस्क माउंट करताना (सिस्टमला जोडताना) 'नोएटाइम' द्या, म्हणजे फाइल नुसती वाचली तरी होणारं लिखाण थांबतं. सिस्टमडीच्या (सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) लॉगला, म्हणजे नोंदींना, 50 एमबीची मर्यादा घाला. उतरवलेली पॅकेजं आणि जुने कर्नल अधूनमधून काढत जा.

हे केलं नाही तर पुढे काय होतं? डिस्क भरते किंवा झिजते. पासवर्ड बरोबर असतो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि लॉगिनची चौकट परत समोर येते. लोक पासवर्ड बदलतात, डेस्कटॉप पुन्हा टाकतात. आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ2 दाबून टर्मिनलवर जा आणि 'डीएफ' (डिस्कवरची जागा दाखवणारी आज्ञा) चालवून पाहा. रूट, म्हणजे मुख्य विभाजन, 100 टक्के भरलेलं असेल तर कारण सापडलं. जागा आहे, तरी काहीच लिहिलं जात नसेल तर कर्नलचे संदेश वाचा. ईएमएमसीच्या चुका दिसल्या आणि फाइल सिस्टम 'फक्त वाचन' अवस्थेत गेली असेल, तर फ्लॅश संपत आलेली असू शकते. डेटा लगेच बाहेर काढा.

टी620 मध्ये एम.2 स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) आहे, त्यामुळे तिथे डिस्क वाढवणं सोपं. पण तो साटा प्रकारचा आहे. एनव्हीएमई प्रकारची डिस्क घेतलीत तर ती दिसणारच नाही.

इन्स्टॉल नीट पार पडलं, यूएसबी काढली आणि मशीन म्हणतं, बूट करायला काही नाही. वायस 3040 वर हे हमखास होतं. त्याचं फर्मवेअर (बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम, ठरावीक ठिकाणीच शोधतं. डेबियनचा इन्स्टॉलर एक्स्पर्ट पद्धतीने चालवा आणि ग्रब या बूटलोडरची जादा प्रत काढता येणाऱ्या माध्यमाच्या ठिकाणी टाकू का, असं विचारलं की 'हो' म्हणा. बायॉस पासवर्ड मागत असेल तर वायसच्या बऱ्याच मशीनवर तो 'फायरपोर्ट' असतो, इंग्रजीत (Fireport), पहिलं अक्षर मोठं.

पॅकेज यादी 'अजून वैध झालेली नाही' असं सांगते किंवा प्रत्येक साइट प्रमाणपत्राची तक्रार करते? नेटवर्क तपासण्याआधी तारीख पाहा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनची बॅटरी मेलेली असते आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. तारीख हाताने लावा, मग बॅटरी बदला. ती बहुतेकदा सीआर2032 असते.

अडॅप्टर मात्र अंदाजाने लावू नका. वायस 3040 हे 5 व्होल्ट आणि 12 व्होल्ट अशा दोन्ही प्रकारांत आलं. मशीनवरचं लेबल वाचा, पिनची ध्रुवता जुळवा, मगच वीज द्या.

राहिला ब्राउझर. 2 जीबी रॅमवर आजच्या वेबसाइट रखडतात आणि त्यावर कुठल्याही डिस्ट्रोकडे इलाज नाही. असं मशीन मॉनिटर-कीबोर्डशिवाय चालवा, सगळा कारभार एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कमार्गे) करा. मॉनिटर काढण्यापूर्वी बायॉसमध्ये दोन गोष्टी बघून घ्या: कीबोर्ड नसताना बूट थांबत नाही ना, आणि वीज जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं ना.