गुणश्री प्राध्यापकपदाचा (प्रोफेसर इमेरिटस) प्रस्ताव कसा तयार करावा

आधी ज्या विद्यापीठाकडे प्रस्ताव जाणार, त्याचे चालू नियम हातात घ्या. उदाहरणार्थ, नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९) आहे, तर शहरातली अनेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. एकाचा नमुना दुसरीकडे चालेल असे गृहीत धरू नका. गुणश्री हा निवृत्तीनंतरचा मान आहे, नियमित नेमणूक नव्हे; पत्रात तसेच लिहा. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वेगळी वाट, उद्योग-व्यवसायातल्या १५ वर्षांच्या अनुभवी तज्ज्ञांसाठी.

सर्वाधिक वेळ प्रकाशनांच्या यादीला द्या, कारण प्रस्ताव इथेच अडकतात. ‘वाघ’ हे आडनाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहिले जाते, मग निम्मे लेख दुसऱ्याच्याच नावावर दिसतात. १६ अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची स्वतंत्र ओळख) काढून प्रत्येक लेख त्याला जोडा, डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) तपासा. रुग्णांवरील संशोधन असेल तर नीतिमत्ता समितीच्या मंजुरीचा क्रमांक लावा.

शिफारसपत्रे बाहेरच्या संस्थांतल्या जाणकारांकडून घ्या, सहलेखकांकडून नको. मसुदा लिहून देऊ नका. सगळ्या पत्रांत तीच वाक्ये दिसली की विश्वास जातो. ‘उत्कृष्ट शिक्षक’ एवढ्याने काही कळत नाही. किती विद्यार्थ्यांनी पीएचडी पूर्ण केली, कोणता अभ्यासक्रम नव्याने उभा केला, हे सालासकट यायला हवे. शेवटी संबंधित शिक्षकांची लेखी संमती घ्या.