पोटॅशियम चॅनल, हार्ट आणि मेंदू: या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल आलं की चॅनलही ठीकच असणार असं धरून चालणं. रिपोर्टमधलं 3.5 ते 5 हे फक्त रक्तातलं प्रमाण, पेशीच्या आत ते साधारण 140 असतं, आणि आतलं पोटॅशियम वेळेवर बाहेर सोडणारं दार म्हणजे हे चॅनल. दारच जन्मतः बिघडलेलं असेल तर रक्ततपासणीत कळणार कसं?

हार्टमध्ये प्रत्येक ठोक्यानंतर पोटॅशियम बाहेर गेलं की पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. त्याला उशीर झाला की ईसीजीवर क्यूटी, म्हणजे ठोका सुरू होऊन पेशी परत तयार होईपर्यंतचा वेळ, लांबतो, मग कधीतरी लय एकदम बिघडते, मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस कोसळतो आणि हातपाय झटकतो, बघणारे म्हणतात फिट आली. मला सगळ्यात जास्त खटकतं ते याच्या पुढचं, फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात आणि ईसीजी कोणी काढलेलाच नसतो. पोहताना, पळताना, अलार्म अचानक वाजल्यावर शुद्ध गेली असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ईसीजी काढून घ्याच आणि क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार सुधारलेला क्यूटी) किती आला ते विचारा, 500 मिलिसेकंदाच्या वर म्हणजे धोका बराच. एकदा नॉर्मल आला म्हणून विषय सोडू नका, काहींचा मधूनमधूनच लांबतो. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत, कारण खरी फिटही चॅनलमुळे येऊ शकते, मेंदूतलं पोटॅशियम चॅनल बनवणारा केसीएनक्यू2 जीन बिघडलेल्या बाळांना सहसा जन्मानंतर पहिल्या आठवड्यातच झटके येतात.

काही औषधांमुळेही हे चॅनल अडतं. टर्फेनाडीन ही साधी ॲलर्जीची गोळी, पण ती हार्टमधलं हर्ग नावाचं पोटॅशियम चॅनल अडवायची म्हणून 1990च्या दशकात अमेरिकेत बाजारातून काढावी लागली. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), ऑन्डान्सेट्रॉन (उलटीची गोळी), हॅलोपेरिडॉल (मानसिक आजाराचं औषध) आजही सर्रास दिली जातात आणि तीही क्यूटी लांबवतात, त्यामुळे यातली दोन एकत्र, त्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं, असं असेल तर डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. पोटॅशियम देऊनही वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासायला सांगा, ते कमी असलं की पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं.

आणि रिपोर्टमध्ये पोटॅशियम अचानक जास्त आलं, तब्येत मात्र ठणठणीत, तर सॅम्पल घेताना रक्तपेशी फुटल्या असतील, लगेच दुसरं सॅम्पल द्या.