ओरखडलेल्या पृष्ठभागावर सक्शन कपची पकड कशी टिकवावी

सरावात घट्ट चिकटणारा रोबोचा सक्शन कप स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सुटायला लागला की सगळे आधी पंपाला नावं ठेवतात. बहुतेक वेळा पंप बिचारा ठीक असतो, पृष्ठभाग बदललेला असतो. फर्स्ट रोबोटिक्स या शाळकरी संघांच्या रोबो-स्पर्धेत २०१९ साली ‘डेस्टिनेशन: डीप स्पेस’ हा खेळ होता. त्यात सुमारे ४८ सेंमी व्यासाच्या, मधोमध १५ सेंमी भोक असलेल्या पॉलीकार्बोनेटच्या चकत्या उचलायच्या होत्या. काही संघांनी त्यासाठी सक्शन वापरलं. पॉलीकार्बोनेटवर ओरखडे पटकन उठतात, आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे कपाच्या कडेखालून हवा आत शिरायची वाट.

१. सरावाचा तुकडा आधी खराब करा. १२० नंबरचा पॉलिश पेपर आडवा-उभा फिरवा, खिळ्याने दोन-चार खोल रेघा मारा. जीवावर येतं, पण करा.

२. गळती मोजा. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि व्हॅक्यूम गेज बसवा. कप चिकटवून पंप बंद करा आणि काटा अर्ध्यावर यायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. आधी नव्या तुकड्यावर, मग खराब केलेल्यावर.

३. मऊ कडेचा कप घ्या. शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायची पट्टी) ३० ते ४० कडकपणाचं सिलिकॉन बारीक ओरखड्यांत बसतं, ६० चं नायट्राइल रबर त्यांच्यावरून पूल बांधतं. खोल रेघांसाठी स्पंजाची कड असलेले कप मिळतात, पण ते लवकर झिजतात. घड्यांचा बेलोज कप तिरक्या किंवा वक्र पृष्ठभागासाठी असतो. ओरखड्यांवर तो औषध नाही, तरी हमखास तोच आणला जातो.

४. हिशेब मांडा. ५० मिमी कपाचं क्षेत्रफळ १९.६ चौ. सेंमी. हवेच्या दाबापेक्षा आतला दाब ६० किलोपास्कलने कमी असेल तर ओढ सुमारे १२ किलोची, ३० ने कमी असेल तर ६ ची. चकती जेमतेम किलोभराची! पण ती उभी धरली की सगळा भार घर्षणावर येतो, वर रोबोचे हिसके. तरीही खोल निर्वाताच्या मागे लागू नका. मिनिटाला जास्त हवा ओढणारा पंप निवडा, म्हणजे थोडी गळती चालून जाते.

५. एका मोठ्या कपाऐवजी तीन-चार छोटे लावा आणि प्रत्येकाच्या नळीच्या फाट्यात बारीक छिद्राचा अडथळा ठेवा. नाहीतर एक कप सुटला की त्यातून हवा शिरून बाकीचेही सुटतात.

६. कपाची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलीकार्बोनेटला ॲसिटोन लावू नका, तडे जातात. कड ओली केली तर गळती थांबते खरी, पण उभी धरलेली चकती घसरते. शिवाय चकत्या आयोजकांच्या, त्यांना काहीही लावण्याआधी विचारा.